ओटा मोडून लाकडी डेक करताना

(अँटॉप हिल, मुंबई येथे कोकणातील चाकरमानी बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय पीक-पाण्याचा नाही, घराचा आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरावर होणारा खर्च शेवटी शेतीच्या उत्पन्नातूनच जातो, म्हणून तो शेतीचाही विषय आहे. अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत, वडाळ्यात, शीवला, परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे एक बिऱ्हाड इथे आणि एक घर गावी आहे. गावच्या घराबरोबर थोडी कलमे, काजू, माड-पोफळी किंवा भाताची खाचरे आहेत. आपण मुंबईत राहत असलात तरी मी आपल्याला शेतकरीच समजून बोलणार आहे.

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरापुढचा जुना ओटा मोडून तिथे लाकडी फळ्यांचा डेक करावा काय? कोणी तो हॉटेलात पाहिलेला असतो, कोणी समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आल्यापासून, पाहुण्यांसाठी खोल्या काढणारे बागायतदारही असा विचार करू लागले आहेत. याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडत नाही. घर पाहून, त्यात वर्षभर कोण राहते हे विचारून आणि पदरचा पैसा मोजून ते काढावे लागते. ते आपले आपल्याला काढता यावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

ओट्याचा दोष कोणता?

आपला जुना ओटा म्हणजे बाहेरून जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, आत माती-मुरमाचा भराव आणि वर सारवलेली जमीन. बसायला-उठायला, सुपारी सोलायला, आमसुले वाळत घालायला याहून सोयीची जागा नाही. मग तो मोडायचा कशासाठी?

दोष ओट्यात नसतो, भरावात असतो. हा भराव घराच्या भिंतीला थेट टेकलेला असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो. जांभा सच्छिद्र दगड असल्यामुळे ती ओल भिंतीत चढते. जमीन शेणाने सारवलेली होती तोपर्यंत बरीचशी ओल वरच्या वर उडून जात असे. पुढे आपण सारवणाचा कंटाळा करून कोबा केला, मग शहाबादी फरशी बसवली, मग चकचकीत लाद्या आल्या. वरची वाट बंद झाली तसे पाणी भिंतीकडे वळले. भिंतीच्या पायाशी लोणा लागतो, गिलावा फुगून पडतो, दाराच्या चौकटीचे पाय कुजतात आणि त्याच ओलीच्या आधाराने वाळवीची मातीची नळी वर चढते.

हे समजून घ्यायला गावी जायला नको. अँटॉप हिलच्या आसपासच्या बैठ्या घरांतून एक फेरी मारा. भाग सखल, पूर्वेला एकेकाळी मिठागरे होती. पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून दारापुढचा ओटा उंच बांधतात. डांबराचे थर चढून रस्ता वर येतो, की ओटाही वर जातो. घरातली जमीन मात्र तिथेच राहते. होता होता ओटा घरातल्या जमिनीपेक्षा उंच होतो आणि पाणी अडवायला बांधलेला ओटाच भिंतीला ओल पुरवू लागतो. गावच्या घरात रस्त्याचे कारण नसते, पण जुन्या जमिनीवर कोबा आणि कोब्यावर लादी असे थर चढवून आपणही तेच करतो.

तेव्हा प्रथम एक साधी तपासणी करा. चैत्र-वैशाखात, जमीन कोरडी असताना, ओट्यालगतच्या भिंतीला हात लावून पाहा. त्या दिवसांतही भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग ओलसर, काळपट किंवा लोणा धरलेला असेल तर ओल भरावातून चढते आहे. भिंत फक्त पावसाळ्यात आणि वरून खाली भिजत असेल तर दोष छपराचा किंवा पागोळीचा आहे. तो दोष ओटा मोडून जाणार नाही. त्यासाठी कौले फेरा, वळचण वाढवा आणि डेकचे पैसे वाचवा.

लाकूड कशाने मरते?

पुष्कळांचा समज असा, की लाकूड पावसात भिजले म्हणजे कुजते. तसे नसते. भिजलेले लाकूड लवकर सुकले तर ते टिकते. भिजले आणि सुकायला वाव मिळाला नाही, म्हणजे बुरशी धरते. ओल, हवा आणि ऊब एकत्र येतात ती जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. कुंपणाचा खांब उपटून पाहा. तो बहुधा मातीच्या पातळीपाशीच मोडलेला असतो. वरचा भाग शाबूत असतो आणि खूप खोलचाही बराच टिकतो.

आपल्या वाडवडिलांना हे पक्के ठाऊक होते. पेंढ्याची उडवी रचताना ते खाली दगड आणि वासे घालून ती जमिनीपासून उचलत. घराचा सागवानी खांब कधी मातीत पुरत नसत, तो दगडी तळखड्यावर उभा करत. तळखड्यामुळे खांबाचा पाय कोरडा राहतो आणि वाळवी वर चढू लागली तर तिची नळी उघड्या दगडावर दिसते.

लालबाग-परळच्या जुन्या चाळींचे लाकडी सज्जे पाहा. दोन पिढ्या माणसे त्यांवर वावरली. सज्ज्याला टेकू लावायची वेळ येते ती बहुधा मधल्या फळीमुळे नव्हे. तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते, किंवा मोरी आणि नळ जिथे सतत गळतो, तिथे ते आतून कुजलेले असते. उघडे लाकूड टिकले, कोंडलेले गेले. आणखी एक उदाहरण मुंबईचेच आहे. इथल्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. गाभ्याचे सागवान आणि सतत घेतलेली निगा यांचे ते फळ आहे. निगा नसती तर सागवानही पुरले नसते.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा पाहण्यासाठी त्याचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती दिवसांत निकामी होतात ते नोंदवतात. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा आणि ६० महिन्यांच्या आत गेले तर तिसरा. सागाच्या गाभ्याचे लाकूड पहिल्या वर्गात येते. आंब्याचे तिसऱ्यात. मातीत पुरलेल्या लाकडाचा हा हिशेब आहे. मातीपासून उचलून, खाली वारा ठेवून बसवलेले लाकूड त्याहून अधिक टिकते. डेकची सारी विद्या यात आली: खांबाखाली दगड हवा आणि फळीखाली वारा हवा.

आपल्या घराला डेक लागू पडतो का?

पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

१. घराचे जोते किती उंच आहे? फळी सव्वा इंच, तिच्याखालची कडी चार इंच, तिच्याखालचा बहाल पाच इंच, म्हणजे लाकूडच सव्वादहा इंच झाले. बहालाखाली किमान एक फूट मोकळी जागा हवी. शिवाय डेकचा पृष्ठभाग घरातल्या जमिनीपेक्षा दोन इंच खाली हवा, नाही तर पागोळीचे पाणी उंबऱ्यावरून आत येईल. बेरीज दोन फुटांवर जाते. जोते यापेक्षा कमी असेल तर हा डेक बसतच नाही. बसवलाच तर बहाल मातीला टेकतील आणि आपण वाळवीला पंगत वाढून ठेवू.

२. घरात वर्षभर कोण राहते? ज्या घराचे कुलूप शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीतच उघडते त्या घराला लाकडी डेक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डेकला झाडू लागतो, खाली वाकून पाहणारा माणूस लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोणी लक्ष दिले नाही तर पुढच्या मे महिन्यात दुरुस्तीच हाती येईल.

३. ओट्यावर काय काम चालते? झोडणी, मळणी, धान्य वाळवणे ही कामे फळ्यांवर करता येत नाहीत. फटींतून दाणे खाली सांडतात. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. भाताची पोती रचायलाही डेक नव्हे. ज्यांना ही कामे आहेत त्यांनी खळे मोडू नये. खळे आहे तिथे ठेवावे आणि डेक केलाच तर बसण्यापुरता करावा.

४. ओल खरोखर भरावातून येते का? वर सांगितलेली तपासणी केल्याशिवाय पहार हातात घेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असेल आणि चौथ्याचे ‘होय’ असेल, तर मधला मार्ग आहे. ओट्याचा भिंतीलगतचा हातभर रुंदीचा भराव काढून तिथे मोकळा चर ठेवा, चराच्या तळाला बाहेर उतार द्या, वरून काढता येतील अशा दगडी फरश्या टाका. ओटा राहील आणि भिंतही सुकेल. पुष्कळ घरांना एवढे पुरते.

ओटा मोडताना

घाई करू नका. पडवीच्या छपराचे खांब बहुतेक वेळा याच ओट्यावर उभे असतात. ओट्याचा भराव काढला की त्यांचा पाया गेला. म्हणून गवंडी आणि सुतार दोघांनाही आधी दाखवा, प्रत्येक खांबाशेजारी टेकू लावा आणि मगच कामाला हात घाला. टेकू म्हणजे काय ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको. एका वेळी एकाच खांबाचा तळ मोकळा करा आणि त्याच्या खाली स्वतंत्र दगडी पाया बांधून झाल्यावर पुढच्या खांबाकडे जा.

निघालेले चिरे वाया घालवू नका. डेकच्या खाली जे खुजे खांब लागतात ते त्याच चिऱ्यांचे होतात. मुरूम वाटेच्या भरणीला वापरा. भिंतीचा उघडा पडलेला भाग एक उन्हाळा तसाच ठेवा. त्यावर लगेच सिमेंटचा गिलावा मारलात तर आत कोंडलेली ओल आतल्या बाजूने बाहेर पडेल.

कामाचा काळ असा ठेवा: दिवाळीनंतर ओटा मोडणे, शिमग्यापर्यंत खांब बांधून होणे, चैत्रात लाकूडकाम आणि मृगाच्या आत सर्व पूर्ण. लाकूड त्याआधीच कापून सावलीत रचलेले असावे.

लाकूड कोणते घ्यावे?

डेकसाठी लाकडाचा गाभा हवा. बाहेरचे पांढरे लाकूड कोणत्याही झाडाचे असो, ते कीड आणि बुरशी यांना लवकर बळी पडते. म्हणून विरळणीत निघालेल्या कोवळ्या सागाच्या फळ्यांना सागवान समजून फसू नका, त्यात पांढरा भागच जास्त असतो. जुना साग उत्तम. ऐन मजबूत आहे पण सुकताना तडकतो, म्हणून तो हळूहळू सावलीतच सुकवावा लागतो. फणस आणि जांभूळ यांचा पक्का गाभा उपयोगी पडतो. आंबा, सावर, पांगारा हे उघड्यावर घालू नयेत. माडाच्या जुन्या झाडाचा बाहेरचा कठीण भाग चालतो, पण मधला भाग भुसभुशीत असतो आणि औषध दिल्याशिवाय तो भाग उघड्यावर टिकत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांना एक सोय आहे. जुन्या इमारती पाडल्या की त्यांचे सागवान विक्रीला येते. ते चांगले मुरलेले असते. घेताना तुळईची दोन्ही टोके ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर तेवढा भाग कापून टाका. खिळे काढून घ्या, नाही तर करवतीची पाती जातील. खरेदीची पावती सांभाळा आणि गावी नेण्यापूर्वी वाहतुकीचा परवाना लागतो काय हे वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

आता महत्त्वाचे. डेकसाठी उभे झाड तोडण्याचा विचार मनात आणू नका. बांधावरचा फणस किंवा जांभूळ दरवर्षी फळ देतो, सावली देतो, बांध धरून ठेवतो. तो एकदाच कापला जातो. शिवाय कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मुंबईसारख्या शहरी भागात १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे.

वादळात पडलेल्या झाडांची गोष्ट निराळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली भागांत बागा आडव्या केल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. असे पडलेले झाड पावसाळाभर मातीवर पडून राहिले की त्यात भुंगा आणि बुरशी शिरते. म्हणून पंचनामा आणि परवानगी यांचे काम उरकताच ओंडके जमिनीवरून उचला, साल काढा, टोकांना रंग किंवा मेण लावा आणि शक्य तितक्या लवकर कापून घ्या. फळ्या सावलीत, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा. त्या किमान एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या. ओल्या फळ्या बसवल्या तर त्या वाकतात, पिळतात आणि स्क्रू उपसून काढतात.

मांडणी आणि मोजमाप

भिंतीलगत १२ फूट लांब आणि बाहेर १० फूट रुंद अशा डेकचा हिशेब देतो. आपले माप वेगळे असेल तर त्या प्रमाणात बदल करा.

खांब: चार-चार फुटांवर एक, अशा तीन ओळी, एकूण १२. प्रत्येकासाठी दीड फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा, खाली दगड आणि काँक्रीट, वर चिऱ्याचा खांब. माथ्यावर जस्ती पत्र्याची टोपी बसवा. तिच्या कडा चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आणि खाली वाकलेल्या असाव्यात. या टोपीला वळसा घालून जाताना वाळवीची नळी उघड्यावर येते आणि आपल्याला दिसते.

बहाल: ३ इंच बाय ५ इंच, १२ फुटांच्या तीन ओळी. जोड द्यायचाच तर तो खांबावरच द्या. लाकूड सुमारे पावणेचार घनफूट.

कड्या: २ इंच बाय ४ इंच, १० फूट लांब, १६ इंचांवर एक, एकूण १०. लाकूड सुमारे साडेपाच घनफूट.

फळ्या: ४ इंच रुंद, सव्वा इंच जाड, १२ फूट लांब, दोन फळ्यांमध्ये पाव इंच फट. एकूण २८ फळ्या. लाकूड सुमारे पावणेबारा घनफूट.

बेरीज २१ घनफूट. कापण्यातील घट दहा टक्के धरून २३ घनफूट कापीव लाकूड लागेल. आपल्या भागातला घनफुटाचा दर विचारून गुणाकार करा. घरचा ओंडका कापणार असाल तर साल आणि पांढरा भाग जाऊन निम्म्याच्या आसपासच माल हाती येतो हे ध्यानात ठेवा. दहा बाय बाराच्या जागेसाठी एवढे लाकूड लागते, हे समजल्यावर पुष्कळजण माप कमी करतात, आणि ते योग्यच आहे.

डेक घराच्या भिंतीला टेकवू नका आणि भिंतीत कडी घुसवू नका. भिंत आणि डेक यांमध्ये इंचभर फट ठेवा. चाळीच्या सज्ज्याने जो धडा दिला तो इथे उपयोगी पडतो. कड्यांना बाहेरच्या बाजूला दहा फुटांत एक इंच उतार द्या. खालच्या जमिनीलाही घरापासून दूर तीन-चार इंच उतार द्या आणि तीवर खडी पसरा, म्हणजे पाणी साचणार नाही व तण उगवणार नाही.

साधे लोखंडी खिळे वापरू नका. सागाच्या व ऐनाच्या अर्काने ते काळे डाग पाडतात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतात. जस्ती किंवा शक्य तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या आणि आधी भोक पाडून मगच फिरवा. डेक दोन फुटांपेक्षा उंच झाला तर कठडा आणि पायऱ्या केल्याच पाहिजेत. घरात म्हातारी माणसे व मुले असतात.

वाळवी, उंदीर आणि साप

डेकखालची पोकळी ही डेकची ताकद आहे आणि तीच त्याचा धोकाही आहे. तिथे लाकडे, जुने पत्रे, नारळाची सोडणे यांतले काहीही साठवू नका. रोज रिकामी दिसणारी जागा सापाला निवाऱ्याची वाटत नाही. अडगळ मात्र वाटते. बाजू फळ्यांनी बंद केल्या तर वारा बंद होतो, म्हणून बारीक छिद्रांची मजबूत जस्ती जाळी लावा आणि एका बाजूची जाळी काढता येईल अशी ठेवा. महिन्यातून एकदा दिवसा, बॅटरी घेऊन, आत हात न घालता, खांबांच्या टोप्या तपासा. मातीची नळी दिसली तर ती मोडा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा. नळी पुन्हा झाली असेल तर वाळवी चालू आहे.

जमिनीत द्यायचे वाळवीनाशक इमारतीसाठी शिफारस केलेले असावे आणि मात्रा डब्यावरील लेबलाप्रमाणेच घ्यावी. विहीर जवळ असेल तर ते ओतू नका. जुन्या पुस्तकांत ऑल्ड्रिन, क्लोरडेन, बी.एच.सी. यांची नावे आढळतील. त्या सर्वांवर आपल्या देशात बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा उरला असेल तर तो वापरू नये.

लाकडाला औषध

टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण स्वस्त व चांगले आहे, पण ते पावसात धुऊन जाते. ते छपराखालच्या लाकडालाच द्यावे. उघड्यावरच्या लाकडासाठी कारखान्यात दाबाखाली तांबे, क्रोम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे औषध मुरवतात. ते टिकाऊ असते, परंतु त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेत राहत्या घरांच्या डेकसाठी असे लाकूड वापरणे २००३ अखेर उत्पादकांनीच थांबवले. आपल्याकडे धोका आणखी एका वाटेने येतो: उरलेले तुकडे चुलीत जातात आणि राख खतात किंवा भांड्यांना जाते. असे लाकूड घेतलेच तर त्याचा एकही तुकडा जाळू नका आणि ते बसण्याच्या, खाण्याच्या जागी वापरू नका. पक्का गाभा घेतला तर या औषधाची गरजच पडत नाही.

काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ते कुजण्यापासून बचाव करते, पण कातडीला फोड आणते. लावताना हातमोजे घाला, पूर्ण सुकेपर्यंत मुलांना दूर ठेवा आणि ते बहाल व कड्यांनाच लावा. बसायच्या फळ्यांना जवसाचे उकळलेले तेल दोन हात द्या. गाडीचे जळके तेल लावू नका. ते कपड्यांना, पायांना लागते आणि पावसाबरोबर जमिनीत उतरते.

वर्षाची निगा

मृगाआधी फटींतला पालापाचोळा पातळ पट्टीने काढा, सैल स्क्रू आवळा. पावसाळ्यात पागोळीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधा. शेवाळ धरले की लगेच काथ्याच्या कुंच्याने आडवे घासा, कारण ओल्या लाकडावर शेवाळासारखी घसरण नाही. दिवाळीच्या सुमारास फळी-फळीवर टाचणी किंवा दाभण टोचून पाहा. सहज आत गेली तर ती फळी बदला. एक फळी वेळेवर बदलली तर तिच्याखालची कडी वाचते. फाल्गुनात तेलाचा एक हात द्या. कुंडी किंवा पाण्याचा रांजण डेकवर ठेवायचा असेल तर खाली विटा ठेवा.

एवढी निगा कोण घेणार, हे ठरल्यावरच सुताराला बोलवा. गावी भाऊ-भावजय राहत असतील आणि आपण मुंबईहून पैसे पाठवणार असाल, तर डेकचा निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या. झाडू त्यांच्या हातात असणार आहे, आणि घसरून पडायची वेळ आली तर तीही त्यांच्यावर येणार आहे. त्यांना सारवलेला ओटाच हवा असेल तर त्यांचे ऐकावे.

लाकडाची निवड आणि सुकवणी याविषयी अधिक माहिती दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात विचारावी. तोडीच्या व वाहतुकीच्या परवान्यासाठी आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जावे. या मे महिन्यात गावी जाल तेव्हा टेप घेऊन जा. जोत्याची उंची मोजा, भिंतीला हात लावून पाहा, पडवीचे खांब कशावर उभे आहेत ते बघा आणि ही तीन उत्तरे लिहून आणा. ती पाहिल्याशिवाय लाकडाचा सौदा करू नका.